इंग्लिश हवेलीतलं भूत: आधी तीन वयं काढा

जुन्या इंग्लिश हवेलीतल्या भुताची गोष्ट ऐकली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, खरं आहे का हो हे? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवायचा आणि आधी तीन वयं काढायची. घराचं वय, मग त्या माणसाचं, म्हणजे ज्याचं भूत म्हणतात तो कधी जगला कधी गेला, आणि तिसरं गोष्टीचं वय, म्हणजे ही गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि केव्हा कागदावर आणली. मी बरीच वर्षं या गोष्टींच्या मागे आहे, वाचत असते, जमेल तेव्हा जाऊन बघून येते, आणि या तीन आकड्यांनी जेवढं हाताला लागतं तेवढं रात्रभर कॅमेरा लावून बसून लागत नाही. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा, तेवढं पुरे आहे सुरुवातीला.

घराचं वय सगळ्यात सोपं. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची संरक्षित इमारतींची यादी ऑनलाइन फुकट बघता येते, घराचं नाव टाकलं की कुठला भाग कुठल्या शतकातला, कुठली बाजू नंतर जोडली, जिना कधी बदलला हे बऱ्याचदा त्यात असतं. नीट वाचा, कारण ही घरं एका दमात बांधलेली क्वचितच असतात, आजोबांनी मधला भाग बांधला, नातवाने पुढची दर्शनी बाजू पाडून नवी केली, पणतूने मागे स्वयंपाकघर वाढवलं असा प्रकार. आता नॉरफोकमधला ब्लिकलिंग हॉल घ्या. तिथली गोष्ट अशी की दर वर्षी १९ मेच्या रात्री ॲन बोलिन, म्हणजे आठव्या हेन्रीची दुसरी राणी, स्वतःचं तुटलेलं डोकं मांडीवर घेऊन घोडागाडीतून घराच्या दारापर्यंत येते, गाडीवानाला डोकं नाही आणि घोड्यांनाही नाही. १९ मे १५३६ ला तिचा शिरच्छेद झाला हे खरं, ती जागा तिच्या घराण्याची होती हेही खरं. पण आज जी लाल विटांची देखणी हवेली उभी आहे ती सर हेन्री होबार्टने १६१६ नंतर बांधायला घेतली, म्हणजे ॲन जाऊन ८० वर्षं होऊन गेल्यावर. ज्या दारात ती उतरते म्हणतात ते दार तिने जन्मात पाहिलेलं नाही. आणि ती बंद घोडागाडी, कोच म्हणतात ती, इंग्लंडात रुळली तिच्या मुलीच्या, पहिल्या एलिझाबेथच्या काळात. म्हणजे गोष्टीतलं सामानच तुम्हाला सांगतं की ही गोष्ट ॲनच्या पिढीतल्या कुणी रचलेली नाही, खूप नंतरच्या लोकांनी आपल्या डोळ्यासमोरची गाडी आणि आपल्या डोळ्यासमोरचं घर घेऊन तिला परत आणलंय.

तारखेच्या बाबतीत अजून एक गोम आहे, ती मला स्वतःला फार उशिरा कळली. ब्रिटनने १७५२ साली कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर. त्यामुळे १५३६ ची १९ मे आपल्या आजच्या हिशोबाने २९ मे ला पडते. मग भूत जुन्या कॅलेंडरने येतं की नव्या? लोक तर १९ मेलाच वाट बघत बसतात. शिवाय १७५२ च्या आधी इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जुन्या दफ्तरात फेब्रुवारी १७२५ लिहिलं असेल तर तो आपला फेब्रुवारी १७२६ असतो. वर्षभराचा फरक पडतो आणि मग लग्नाआधी बाळ, मेल्यानंतर सही, असले चमत्कार दिसायला लागतात ज्यात चमत्कार काहीच नसतो. दुसऱ्या रकान्यात तारीख लिहिताना हे डोक्यात ठेवा.

दुसरा रकाना माणसाचा. यासाठी चर्चची दफ्तरं, बाप्तिस्मा लग्न दफन यांची नोंद इंग्लंडात १५३८ पासून ठेवायला लागले, सगळीकडची टिकली नाही पण बऱ्याच ठिकाणची आहे. मृत्युपत्रं, नॅशनल आर्काइव्ह्जचा कॅटलॉग, आणि हवेलीतच लावलेली तैलचित्रं. नाव नुसतं हिरवी बाई, करडी बाई, पांढरी बाई असं असेल आणि मागे माणूसच सापडत नसेल तर तसं लिहा, जबरदस्तीने कुणाला तरी त्या जागी बसवू नका. हे मी कळकळीने सांगते कारण यात खऱ्या बायकांची नावं उगाच खराब होतात.

तिसरा रकाना गोष्टीच्या वयाचा, इथे खरी मेहनत आहे आणि मजाही. हे समजायला नॉरफोकचाच रेनम हॉल बघा, तपकिरी बाई नावाच्या भुताचं घर. ती बाई म्हणजे डॉरथी वॉलपोल, रॉबर्ट वॉलपोलची बहीण, तोच वॉलपोल ज्याला ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात. १७१३ मध्ये तिचं लग्न चार्ल्स टाउन्शेंडशी झालं, ती त्याची दुसरी बायको. पुढे हा माणूस शेतीत सलगमचं पीक घ्यायचा प्रचार करून नाव कमावून बसला. २९ मार्च १७२६ ला डॉरथी वारली, कारण देवीचा रोग. आठवडाभर आधी गेली असती तर कागदावर साल १७२५ पडलं असतं, वर म्हटलं ते हेच. गोष्टीत मात्र असं की नवऱ्याला तिचं जुनं प्रेमप्रकरण कळलं, त्याने तिला खोलीत कोंडून ठेवलं, मुलांनाही भेटू दिलं नाही, आणि ती त्यातच गेली.

आता कागद लावा ओळीने. भूत दिसल्याच्या ज्या मोठ्या हकिकती आहेत त्या १८३५ च्या नाताळपासूनच्या, म्हणजे ती गेल्यावर १०९ वर्षांनी. त्यानंतर वर्षभरात कॅप्टन मॅरियट नावाचा नौदलातला माणूस, कादंबऱ्याही लिहायचा, तिथे राहिला आणि अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये हातात दिवा घेऊन येणाऱ्या तपकिरी बाईवर त्याने पिस्तूल झाडलं म्हणतात. हे आपल्याला कुणाकडून कळतं? त्याच्या मुलीकडून, फ्लॉरेन्सकडून, आणि तिने ते छापलं १८९१ मध्ये. मधे ५५ वर्षं गेली, मॅरियट स्वतः १८४८ लाच वारलेला. मुलगी खोटं बोलली असं मी अजिबात म्हणत नाही, वडिलांनी सांगितलेली गोष्ट मुलीच्या मनात वर्षानुवर्षं राहते आणि राहता राहता तिला आकार येतो, आपल्या सगळ्यांच्याच घरात होतं हे. मग येतो १९ सप्टेंबर १९३६ चा फोटो, जिन्यावरून उतरणारी धुरकट बाई. कॅप्टन प्रोव्हंड आणि इंद्रे शिरा हे दोघे मोठ्या जिन्याचे फोटो काढत होते, शिराला जिन्यावर काहीतरी धूसर दिसलं, तो ओरडला, प्रोव्हंडने झाकण काढलं, फ्लॅश पडला. २६ डिसेंबर १९३६ च्या कंट्री लाइफ मासिकात तो फोटो आला आणि जगभर गेला. फिल्मवर दोनदा प्रतिमा पडली असेल, कॅमेऱ्यात कुठून उजेड शिरला असेल, असं तज्ज्ञ म्हणत आलेत. तुमच्या वहीत हे तीन वेगळे पुरावे म्हणून लिहा, एकमेकांत मिसळू नका, कारण फोटो खोटा ठरला म्हणून मॅरियट खोटा ठरत नाही आणि फोटो खरा वाटला म्हणून डॉरथीला कोंडलं होतं हे सिद्ध होत नाही. या तिन्हींमधलं एकही तिच्या हयातीतलं नाही हे सगळ्यात वर लिहा.

जुने पेपर शोधायला ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह आहे, पैसे भरावे लागतात पण एक महिना घेऊन भरपूर काम उरकता येतं. शोधताना भुताचं आजचं नाव टाकू नका, ते बऱ्याचदा नंतर पडलेलं असतं, घराचं नाव आणि आसपासचं गाव टाका.

गोष्ट ताजी असताना लिहिली गेली तर ती कशी दिसते याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सफोकमधलं बीलिंग्ज हाऊस. मालक मेजर एडवर्ड मूर. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होता, टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर जी इंग्रज तुकडी होती त्यात हा तरुण अधिकारी, जखमीही झालेला, आणि त्या मोहिमेवर त्याने पुस्तक लिहिलं, हिंदू देवदेवतांवर तर मोठा ग्रंथच. म्हणजे बघून टिपून ठेवायची सवय असलेला माणूस. तर २ फेब्रुवारी १८३४, रविवार, मूर चर्चहून घरी आला तर नोकरांनी सांगितलं की जेवणघराची घंटा कुणी न ओढता वाजतेय. त्या काळी खोलीत दोरी ओढली की भिंतीतून गेलेली तार ताणली जायची आणि खाली स्वयंपाकघरात ओळीने टांगलेल्या घंटांपैकी त्या खोलीची घंटा वाजायची. इथे नऊ घंटा होत्या, त्यातल्या पाच वाजायला लागल्या, कधी सुट्या कधी एकदम, कधी इतक्या जोरात की बघणारे दचकायचे. मूरने काय केलं तर कुठल्या घंटेची तार कुठून जाते ते पाहिलं, वेळा लिहिल्या, साक्षीदार उभे केले, आणि त्याच महिन्यात इप्सविच जर्नलला पत्र धाडलं. २७ मार्चला घंटा थांबल्या त्या थांबल्याच. पत्र छापल्यावर लोकांनी आपापल्या घरातले असेच अनुभव त्याला कळवले आणि १८४१ मध्ये त्याने ते सगळं पुस्तकात घातलं. कारण त्याला सापडलं नाही, माणसाचा हात नव्हता एवढंच तो ठामपणे म्हणत राहिला. तारा गारठ्याने आखडल्या असतील, उंदीर असतील, नोकरांपैकी कुणाची खोडी असेल, काहीही असू शकतं, पण बघा, या गोष्टीत कुठे कोंडलेली सून नाही, खून नाही, डोकं नसलेले घोडे नाहीत. ताज्या नोंदीत गोष्ट जवळजवळ नसतेच, नुसती घटना असते. तुम्ही वाचताय त्या हकिकतीत कारण, सूड, शाप सगळं पद्धतशीर बसवलेलं असेल तर समजा मधे बरीच तोंडं आणि बरीच वर्षं गेलीत.

आता प्रत्यक्ष घरात गेल्यावर काय करायचं. आधी बाहेरून एक फेरी मारा आणि खिडक्या मोजा, मग आतून मोजा. विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की लगेच कुणीतरी सांगतं, त्या खोलीत अमकीला चिणलंय. १६९६ ते १८५१ इंग्लंडात खिडक्यांवर कर होता, तो वाचवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या, आणि काही तर नुसत्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मुळातच खोट्या बांधल्या. पण गुप्त जागा नसतातच असं मात्र समजू नका. १५८५ च्या कायद्याने कॅथलिक पाद्र्याने इंग्लंडात असणं हाच राजद्रोह ठरला, त्याला आसरा देणाऱ्यालाही फाशी होती, त्यामुळे कॅथलिक घराण्यांनी भिंतीत, चिमणीत, जिन्याखाली लपायच्या जागा करून घेतल्या. वुस्टरशरमधल्या हार्विंग्टन हॉलमध्ये अशा सात आहेत, जिन्याच्या पायऱ्या उचलल्या की खाली जागा. असल्या जागा बनवणारा सगळ्यात कसबी माणूस निकोलस ओवेन, १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून मेला, त्याने एकही जागा फोडली नाही म्हणतात. मला स्वतःला त्या पायऱ्यांखालच्या अंधारापेक्षा भीतीदायक काही वाटत नाही, आणि तिथे भुताची गरजच पडत नाही. भिंतीतून कण्हणं, रात्री कुजबुज, न दिसणाऱ्या माणसासाठी जाणारं ताट, असल्या गोष्टी ज्या घरात ऐकाल तिथे घराणं कॅथलिक होतं का ते आधी बघा.

भूत भिंतीतून जातं म्हणतात तिथे जुना दरवाजा होता का ते नकाशात पाहा, आणि गुडघ्याखाली पाय दिसत नाहीत असं असेल तर जमीन वर चढवली होती का विचारा. यॉर्कच्या ट्रेझरर्स हाऊसच्या तळघरात १९५३ साली हॅरी मार्टिन्डेल हा कामगार पोरगा काम करत होता, त्याला भिंतीतून बाहेर पडणारे रोमन सैनिक दिसले, गुडघ्यापासून वरचेच, आणि जिथे खणलेला खड्डा होता तिथे ते आल्यावर पाय दिसले कारण खाली जुना रोमन रस्ता होता. त्याने ही गोष्ट बरीच वर्षं चारचौघांत सांगितलीच नाही, ७० च्या दशकात ती बाहेर आली. तिसऱ्या रकान्यात तेवढं अंतर पडतंच, तरी पाहणारा स्वतः सांगतोय ही मोठी गोष्ट आहे, रेनमसारखं मुलीच्या तोंडून नाही.

खोलीत थांबा थोडा वेळ. बहुतेक ठिकाणी अंधुक वाटेल, पडदे ओढलेले, कारण जुनं कापड आणि जलरंग उजेडाने उडतात म्हणून अशा वस्तूंवर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना पहिली काही मिनिटं कोपऱ्यात काहीही दिसू शकतं. दहा मिनिटं डोळे रुळू द्या, मग परत बघा. ओकची जमीन दिवसभर तापते आणि रात्री गार होताना एकेक फळी कुरकुरते, जिन्यावर हे एकापाठोपाठ झालं की कुणीतरी चढून येतंय असंच वाटतं, मला वाटलेलं आहे.

एक अनुभव सांगते. मे महिन्यात एका जुन्या मॅनर हाऊसमध्ये, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यात उतरले होते, आता तिथे पाहुण्यांना खोल्या देतात. रात्री दीडच्या सुमाराला उशाशी असलेल्या तुळईतून टकटक आली, सहा-सात ठोके झपाट्याने आणि मग शांत. मग परत. छातीत धस्स झालं, खोटं कशाला बोलू. उठून दिवा लावला, वहीत वेळ लिहिली, पुन्हा आली, पुन्हा लिहिली. चौथ्या खेपेला मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने लाकडावर तितकेच ठोके त्याच वेगाने दिले, आणि आतून उत्तर आलं. तो डेथवॉच बीटल होता, ओकच्या जुन्या लाकडात राहणारा भुंगा, वसंतात जोडीदाराला बोलवायला डोकं लाकडावर आपटतो आणि पेन्सिलीलाही जोडीदार समजून उत्तर देतो. नावच तसं पडलंय कारण मरणाऱ्या माणसाच्या उशाशी रात्र रात्र जागणाऱ्यांना त्या शांततेत हाच आवाज ऐकू यायचा. मी त्याच्याशी अर्धा तास बोलत होते. तुळईखाली बारीक भुकटी पडली असेल तर सकाळी मालकांना जरूर सांगा, तो लाकूड पोखरत असतो.

अंगावर काटा, कोपऱ्यात करडी आकृती, कुणीतरी मागे उभं असल्यासारखं, या गोष्टी घडल्या तर आधी पंखा, बॉयलर, वाऱ्याचा पाईप कुठे आहे ते पाहा. कव्हेंट्रीचा इंजिनियर विक टँडी याने १९९८ मध्ये लिहिलं की त्याच्या लॅबमध्ये नेमकं हेच व्हायचं, आणि एके दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसल्यावर त्याने शोध घेतला तर नव्या पंख्यामुळे १९ हर्ट्झच्या आसपासची, कानाला न ऐकू येणारी ध्वनिलहर खोलीत उभी राहत होती. पुढच्या प्रयोगांत सगळ्यांना तसं आढळलं नाही, तेव्हा हे सरसकट उत्तर म्हणून फेकू नका. पण डोकं दुखतंय, मळमळतंय, छाती दडपतेय आणि सोबत कुणीतरी असल्याचा भास होतोय असं असेल तर वही टाका, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. घर गरम ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीतून किंवा तुंबलेल्या चिमणीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतो, त्याला वास नसतो. १९२१ मध्ये डॉक्टर विल्मर यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाची हकिकत छापली, घरात पावलं वाजायची, माणसं दिसायची, आणि निघाली ती खराब भट्टी. जुन्या घरात मुक्काम असेल तर या वायूचा बॅटरीवरचा अलार्म सोबत न्या, यात तडजोड नको.

प्रत्येक खोलीत जे स्वयंसेवक उभे असतात, बहुतेक निवृत्त मंडळी, त्यांच्याशी बोला, पण प्रश्न नीट विचारा. इथे भूत आहे का असं विचारलं तर छापील गोष्ट मिळते. तुम्हाला ही कुणी सांगितली, तुम्ही इथे नवीन होतात तेव्हा पण हीच होती का, असं विचारलं की माणूस खुलतो. घर बंद करताना शेवटची फेरी कोण मारतं आणि त्यांना कुठली खोली नकोशी वाटते हेही विचारा, मला तर याच प्रश्नावर सगळ्यात चांगली माहिती मिळालीय. फ्लॅश मारू नका, दोरीपलीकडे जाऊ नका. आणि रेनमसारख्या घरांत आजही कुटुंब राहतं, तेव्हा रात्री कुंपण ओलांडून जायचं अजिबात नाही.

तिन्ही रकाने भरले आणि गोष्ट पूर्णपणे ढासळली तर? तरी फेकू नका. डॉर्सेटमधल्या बेटिसकोम मॅनरमध्ये एक कवटी आहे, घराबाहेर नेली तर ती किंचाळते आणि गुरं मरतात म्हणतात. गोष्टीप्रमाणे ती वेस्ट इंडीजमधून आणलेल्या एका गुलामाची, मरताना तो म्हणाला होता की मला माझ्या मुलखात पुरा, आणि ते कुणी केलं नाही. कवटी तपासली तेव्हा ती निघाली पंचविशी-तिशीतल्या एका स्त्रीची, आणि प्रागैतिहासिक, हजारो वर्षं जुनी. म्हणजे गोष्टीतला माणूसच चुकला. पण त्या घराचं पिनी घराणं खरंच नेव्हिस बेटावर उसाचे मळे चालवत होतं आणि ते मळे गुलामांनी कसले होते. त्या माणसांपैकी फार थोड्यांची नावं कुठल्या भिंतीवर लागली असतील, गावाने मात्र एका हाडाला धरून ती गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगत ठेवली. अशा वेळी मी वहीत चौथा रकाना पाडते आणि त्यात लिहिते की या गोष्टीत कोणाबद्दल अपराधी वाटतंय.

शेवटी गोष्ट कुणाला सांगाल तेव्हा भुतापासून सुरू करू नका. डॉरथीची सांगायची असेल तर १७१३ च्या लग्नापासून सुरू करा, २६ वर्षांची मुलगी रेनमला आली, तिला मुलं झाली, देवी आल्या आणि चाळिशीही न गाठता ती गेली. मग थोडं थांबा, आणि मग १०९ वर्षांनंतरच्या नाताळवर या.